गुरुवारचा नाताळ

फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीच्या काठाला ओन्यिस्सांती नावाचा चौक आहे. एका अंगाला चर्च, आजूबाजूला जुनी बडी हॉटेलं, समोर नदीचा कठडा. टूरवाल्यांच्या यादीत तो सहसा नसतो, पण कोल्हापूरच्या माणसानं तो चुकवू नये. ३० नोव्हेंबर १८७० रोजी या चौकातल्या एका हॉटेलात आपले छत्रपती राजाराम महाराज वारले. वय अवघं वीस. विलायतेचा दौरा करून, व्हिक्टोरिया राणीची भेट घेऊन माघारी निघाले होते, वाटेत आजारानं गाठलं. राजर्षी शाहू महाराज गादीवर आले १८८४ साली, हे त्यांच्या आधीचे. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज ते वेगळे. राजाराम कॉलेजला नाव आहे ते या वीस वर्षांच्या राजाचं, आणि हे त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या कित्येकांना ठाऊक नसतं.

माझा थोरला भाऊ त्या शहरात नोकरीला आहे. कोल्हापूरचा कुणीही पाहुणा आला की दादा त्याला आधी या चौकात आणून उभा करतो, उफिझी संग्रहालयातली चित्रं नंतर. नाताळच्या जेवणासाठी त्यानं हॉटेल धरलं तेही चौकापासून चार पावलांवरचं. "महाराजांच्या शेजारी बसून जेवायचं," असं त्यानं फोनवरच आईला सांगितलं होतं. आईला ते पटलं, आणि सणाचं जेवण हॉटेलात कसलं करायचं, ही तिची तक्रार तेवढ्यापुरती मागं पडली.

तक्रार तशी रास्त होती. आमच्याकडं हॉटेलात जायचं ते पाहुणे आले म्हणून, नाहीतर कुणाचा तरी निकाल लागला म्हणून. तांबडा-पांढरा घरचा कितीही चांगला होत असला तरी महिन्यातून एकदा हॉटेलचं ताट लागतंच, तो भाग निराळा. पण दसऱ्याला, दिवाळीला, बेंदराला चूल घरचीच पेटली पाहिजे. ज्या दिवशी घरात शिजलंच पाहिजे नेमकं त्या दिवशी टेबल बुक करायचं, हे तिच्या हिशेबात बसेना. गंमत अशी की ते इटलीवाल्यांच्याही हिशेबात बसत नाही. नाताळ आपल्या माणसांत आणि ईस्टर हवं त्याच्याबरोबर, अशी त्यांच्यात म्हणच आहे. त्यामुळं २५ डिसेंबरच्या दुपारी बरीच हॉटेलं कुलूपबंद असतात. जी उघडी असतात ती ठरावीक जेवण ठेवतात आणि पैसे आगाऊ घेतात. तिथं येऊन बसणारे दोनच प्रकारचे, एक आमच्यासारखे परके आणि दुसरी ती कुटुंबं, ज्यांच्या घरातली रांधणारी बाई आता थकली आहे.

दुसऱ्या प्रकारातलं एक अख्खं कुटुंब आमच्या शेजारच्या टेबलावर होतं. आजोबा, पोरं, सुना, नातवंडं, आणि मधोमध एक म्हातारी, मोत्यांची माळ घातलेली, केस सेट केलेले. तिच्यासमोर सूपची बशी आली तेव्हा टेबलावरचं बोलणं थांबलं. तिनं चमच्यात एक टॉर्टेलिनी घेतली, बशीच्या कडेला दाबून दुभंगली, आतलं सारण बघितलं, वास घेतला, मग तोंडात घातली. काही बोलली नाही, नुसती मान हलवली. ती मान हलल्यावर बाकीच्यांनी चमचे उचलले. आई हे सगळं टक लावून बघत होती. "मोठी सासू हाय ती," म्हणाली. एक अक्षर न कळता तिनं टेबलावरचे मानपान लावून टाकले होते.

आईला नाताळ काही नवा नाही. कोल्हापुरात अमेरिकन मिशन आलं ते १८५२ साली, रॉयल वाइल्डर यांच्यापासून. न्यू शाहूपुरीतलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. आईची नोकरीतली एक मैत्रीण त्या चर्चची. दर नाताळात तिच्याकडून ताट यायचं, त्यात करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या आणि केकचा एक तुकडा, वरून क्रोशाचा रुमाल. दिवाळीला आमचं ताट तिच्याकडं, नाताळला तिचं आमच्याकडं. लहानपणी मला वाटायचं की दिवाळी काही घरांत उशिरा येते. तेव्हा आईच्या लेखी नाताळ हा फराळाचा सण. त्यात वाराची अडचण कधी आलीच नव्हती.

आणि २०२५ चा नाताळ गुरुवारी आला.

आई शाकाहारी नाही. मटण ती जितकं चांगलं करते तितक्याच चवीनं खाते, नळी फोडायला तिला कुणाची मदत लागत नाही. पण गुरुवार दत्ताचा. नरसोबाच्या वाडीला तिनं कधीकाळी काही बोललेलं आहे, काय ते आम्हाला आजवर सांगितलेलं नाही, आणि त्या दिवसापासून गुरुवारी घरात अंडंसुद्धा फुटत नाही. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारचं उद्यापन करूनच ती विमानात बसली होती. दादानं टेबल धरताना तारीख बघितली, वार बघितला नाही. तिकडं राहून माणूस वार विसरतो. कळलं ते आदल्या दिवशी, बुधवारी.

बुधवारी सकाळी आम्ही काशिने बागेच्या टोकाला गेलो होतो. मुन्योने नावाची छोटी नदी तिथं आर्नोला मिळते. राजाराम महाराजांना त्या संगमावर अग्नी दिला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं, आणि दहनाची तिकडं रीत नसल्यामुळं खास परवानगी काढावी लागली होती. १८७४ साली तिथं स्मारक झालं. चार खांबांवरची छत्री, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, डोक्याला पगडी, गळ्यात दागिने. शेजारून जाणाऱ्या तारांच्या मोठ्या पुलालाही या हिंदी माणसाचंच नाव आहे. आईनं चपला काढल्या, त्या थंडीत. वहिनी म्हणाली, "अहो आई, मोजे तरी राहू द्या." आईनं दोन्ही नद्यांकडं बघितलं आणि म्हणाली, "संगमावर केलं ते बरं केलं. आपलं प्रयाग चिखली असंच हाय की." मग परतताना अर्धी वाट ती त्या वीस वर्षांच्या पोराच्या आईबद्दल बोलत होती.

घरी आल्यावर दादानं जेवायला मासे करायचे ठरवले. घरमालकीणबाईंनी त्याला बजावून सांगितलं होतं, की आज नाताळची पूर्वसंध्या, आज घरात मांस करायचं नसतं, मासे चालतात. कॅथलिक घरांतला जुना रिवाज. आई म्हणाली, "आज त्यांचा वार हाय होय? मासं चालतंय म्हण की उपासाला! सोय बघितल्यात." आणि मग बोटांवर मोजून, "आज बुधवार. म्हंजे उद्या गुरुवार."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या हॉटेलचा नाताळचा कागद त्याच्या फोनवर होता: कोंबडीच्या कलेजीचे क्रोस्तिनी, खच्ची कोंबड्याच्या रश्शातली टॉर्टेलिनी, भाजलेली गिनीकोंबडी किंवा रोजमेरी-लसूण लावलेलं डुकराचं मांस, शेवटी गोड. माणशी ११० युरो, आणि युरो शंभर रुपयांच्या वर. पैसे भरून झालेले. आई शांतपणे म्हणाली, "तुमी जेवा की. मी बसतो नुसता." आमच्या कोल्हापूरकडच्या बायका अजून अशाच बोलतात. आणि असं म्हणून बसलेल्या आईसमोर गिनीकोंबडी खायची कुणाची छाती आहे?

वेटर साठीच्या पुढचा होता. कल्लेदार मिशा, पांढरा कोट, हातावर दुमडलेला नॅपकिन. दादानं त्याच्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सुरुवात केली, की आई आज मांस खात नाही. वेटरनं वही काढली. "अॅलर्जी?" नाही. "व्हेगन?" तसंही नाही. उद्या खाईल, काल खाल्लं असतं, फक्त आज नाही. दादा गोंधळला. वहिनीनं चार शब्दांत सांगितलं: गुरुवार, देव, वचन. वेटरनं वही मिटून खिशात घातली. म्हणाला, माझ्या आजीचा शुक्रवार असायचा. बारा महिने. लग्नकार्य असलं तरी. आणि आईकडं बघून त्यानं मान थोडी झुकवली, जशी शेजारच्या टेबलावरच्या म्हातारीपुढं झुकवली होती. वहिनीनं भाषांतर करायच्या आधीच आई म्हणाली, "कळलं त्याला."

पुढच्या दोन तासांत त्या माणसानं आईला एक वेगळंच जेवण वाढलं, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा बरं. आमचं वाईट होतं असं नाही. कलेजीचा तो वाटलेला गोळा, त्यात केपर आणि खारवलेली मासळी, भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर, फारच छान. टॉर्टेलिनीचा रस्सा नितळ. मटणाच्या अळणी पाण्यावर वाढलेल्या माणसाला त्यातली मेहनत लगेच कळते. गिनीकोंबडी मात्र कोरडी, घासागणिक पाणी मागणारी. मीठ-मिरी मागावी तर वेटरला काय वाटेल म्हणून तशीच खाल्ली.

आईला आधी पाव आला. टोस्कानातला पाव बिनमिठाचा असतो, शतकानुशतकं. का, याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. कुणी पिसाशी झालेल्या भांडणात मीठ अडवलं म्हणतं, कुणी मिठावरच्या कराचं नाव घेतं. परक्या माणसाला पहिला घास घशाखाली उतरत नाही. मला वाटलं आई आता विसरलं का मीठ म्हणून विचारणार. तिनं चावून बघितला आणि म्हणाली, "बरोबर हाय. भाकरीत तरी आपण कुठं घालतो? सोबतचं खारट असतंय." मी त्या शहरात आठवडाभर तो पाव खाऊन नाकं मुरडत होते. ज्यांच्या जेवणात खारवलेलं मांस आणि चीज आहे त्यांच्या पावात मीठ नसणारच, एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

मग रिबोलिता आली. काळसर पानांची कोबी, पांढरा घेवडा, गाजर, कांदा आणि शिळा पाव, सगळं शिजवून, ठेवून, पुन्हा शिजवलेलं. गरिबांचं जेवण, आता बड्या हॉटेलांत चिनी मातीच्या खोल बशीत येतं. वेटरनं हिरव्यागार तेलाची बाटली आणली. टोस्कानात ऑलिव्ह ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरवतात आणि लगोलग गाळतात, त्यामुळं नाताळात तेल नवं असतं. नव्या तेलाला झणका असतो. आईच्या बशीवर त्यानं धार धरली, आईनं पहिला चमचा घेतला आणि तिला ठसका लागला. आम्ही तिघंही पाण्याकडं धावलो. तिनं हात करून थांबवलं. डोळ्यात पाणी, आणि चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदाच समाधान. "लागतंय की हे! घशात लागतंय." अजून घाल, असं तिनं वेटरला हातानंच सांगितलं. त्यानं घातलं. पुन्हा हात. पुन्हा घातलं. इटलीत आग्रह नसतो म्हणतात, मी तरी त्या दिवशी बघितला.

पार्मिजानोची भानगड त्यानंतरची. वेटर आमच्या टॉर्टेलिनीवर चीज किसत होता. आईला ते दुधाचं आहे एवढं माहीत. म्हणाली, "मला न्हाई व्हय?" दादा म्हणाला, घाल की. वहिनी मात्र म्हणाली, "अहो आई, थांबा." पार्मिजानो रेजिआनो या नावाला युरोपात कायद्याचं संरक्षण आहे, त्यात दूध, मीठ आणि विरजणाला रेनेट एवढंच चालतं, आणि ते रेनेट वासराच्या पोटातून काढलेलं लागतं. आपल्याकडच्या पाकिटातल्या चीजवर हिरवा ठिपका असतो कारण तिथं ते जंतूंपासून बनवतात. हे सगळं वहिनीनं एका दमात सांगून टाकलं. दादा तिच्याकडं रागानं बघत राहिला. त्याच्या मते सणासुदीला हे काढायची गरज नव्हती. मला वहिनीचं पटलं. आईनं विचारलं, "वासराच्या?" वहिनी म्हणाली, "हो." आई एक क्षण थांबली आणि म्हणाली, "मग शुक्रवारी पण नको." विषय संपला. आम्ही तिघांनी मान खाली घालून आपापल्या बशीतलं संपवलं.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही तिघं काहीही खाणारी, कुठल्याही दिवशी. आम्हाला त्या टेबलावरचं सगळं चाललं आणि म्हणूनच आम्ही त्या हॉटेलची नुसती गिऱ्हाइकं राहिलो. काय चविष्ट, काय कोरडं, फोटो कशाचा काढायचा, एवढंच आमचं चाललं होतं. आईनं निम्म्याहून जास्त जेवण नाकारलं, तरी त्या खोलीतला सण तिला कळला, आम्हाला नाही. आदल्या दिवशी न खाणारी, आज सारण फोडून बघणारी शेजारची म्हातारी आणि आजचा दिवस न खाणारी आमची आई, दोघींचं गणित एकाच वहीतलं. दिवसाला नियम आहे म्हणून तो दिवस वेगळा. जिथं रोजच सगळं चालतं तिथं सणाला आणखी काय वाढणार? महागडं काहीतरी, एवढंच. नियम पाळावेत असं माझं म्हणणं नाही, मला ते जमणारही नाही. पण न पाळणाऱ्यानं आपण मोकळ्या मनाचे आहोत अशी समजूत करून घेऊ नये, एवढं मला त्या दुपारी वाटलं.

गोडाला पानेटोनी होता, पण त्यात अंडं. बदामाच्या वड्यांतही अंड्याचा पांढरा भाग. वेटरनं बोट वर करून थांबा म्हटलं आणि पानफोर्तेचा पातळ त्रिकोण आणला. सिएना गावचा हा पदार्थ, मध-साखरेच्या पाकात बदाम, मुरवलेली फळं आणि मसाले, अंडं नाही. आईनं तुकडा जिभेवर धरून ठेवला. "दालचिनी. लवंग. जायफळ." थोडं थांबून, "आनि धने." दादा हसला, गोडात धणे कोण घालतं? वहिनीनं वेटरला विचारलं. त्यानं बोटांवर मोजत सांगितलं, आणि शेवटचं बोट धण्यांचं होतं. आई दादाला काही बोलली नाही, फक्त उरलेला त्रिकोण पर्समधल्या रुमालात बांधला. तो वेटरनं बघितला आणि निघताना आणखी एक पुडी आणून दिली. शेजारच्या टेबलावरची म्हातारी उठताना आईच्या खुर्चीपाशी थांबली, आईच्या साडीचा काठ दोन बोटांत धरून बघितला, काहीतरी म्हणाली. आईनं तिला इरकल कुठं मिळतं ते मराठीत सविस्तर सांगितलं.

परत आल्यावर संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत हा विषय निघणारच होता. परदेशात सणाला हॉटेलात काय खाल्लं, असं बायकांनी विचारलं. आईनं प्रामाणिकपणे सांगितलं: घेवडा आणि कोबी घातलेलं शिळ्या पावाचं कालवण. कितीला? मी विमानात आकडा सांगून बसले होते, तो तिनं जसाच्या तसा सांगितला. अकरा-बारा हजार. गल्लीत शांतता पसरली. मग एकजण म्हणाली, "आमच्यात शिळ्या भाकरीचा कुस्करा फुकट हाय, कवाबी या." आई सगळ्यांबरोबर हसली. पण दुसऱ्या दिवशी तिनं घाण्यावरून शेंगतेल आणलं आणि तिळगुळाच्या डब्यातून त्या पानफोर्तेचा शेवटचा तुकडा काढून वाइल्डर चर्चवाल्या मैत्रिणीकडं पाठवला, नाताळचं ताट यंदा आपल्याकडून म्हणून.

दादाचा फोन आला तो पुढच्या बेताचा. "आई, पुढच्या नाताळला परत या. २५ डिसेंबर शुक्रवार येतोय, मी बघून ठेवलंय." आईनं खिळ्यावरचं कालनिर्णय काढलं, डिसेंबरचं पान उघडलं.

"शुक्रवार हाय खरा," ती म्हणाली. "पण यंदा जेठ अधिक हाय. सगळं पुढं सरकतंय. तुझा नाताळ मार्गशीर्षात पडतोय."

"मग?"

"मग काय. मार्गशीर्षभर न्हाई चालत. तूच ये की वैशाखात, गावच्या यात्रेला. अधिक लागायच्या आत ये, बोकड सांगून ठेवतो."